‘कधीमधी’ म्हणजे किती?

हाडांच्या वॉर्डात हा प्रसंग इतक्यांदा घडतो की जुन्या सिस्टरांना त्याची वेळसुद्धा पाठ असते. मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलेला चाळिशीतला माणूस रविवारी रात्री दाखल होतो. सोमवारी तपासण्या, मंगळवारी सकाळी ऑपरेशन, सगळं सुरळीत. मंगळवारी रात्री मात्र त्याला दरदरून घाम फुटतो, हात थरथरू लागतात. पहाटे तो सलाइनची सुई उपसून काढतो आणि चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागतो. चादरीवर एकही मुंगी नसते. उशाशी बसलेली बायको त्याला ओळखू येत नाही. कुणी भुलीच्या औषधाला दोष देतं, गावाकडून आलेलं कुणी हळूच म्हणतं, बाहेरचं काही लागलं असेल.

रात्रपाळीची सिस्टर केस पेपर उघडून बघते. ‘व्यसन’ या शब्दापुढे लिहिलेलं असतं : नाही.

या अवस्थेला वैद्यकात ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. अनेक वर्षं रोज दारू पोटात जात असली की मेंदू तिच्या गुंगीशी जुळवून घेतो. गुंगी असूनही काम चालावं म्हणून स्वतःला जास्त उत्तेजित ठेवतो. दारू अचानक तुटली की गुंगी जाते, उत्तेजना मात्र उरते. शेवटच्या घोटानंतर साधारण 48 ते 96 तासांत हा भडका उडू शकतो. वेळीच उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतोही. उपाय महागडे नाहीत. लोराझेपाम किंवा डायझेपामसारखी मेंदू शांत करणारी औषधं द्यायची आणि थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व द्यायचं. भरपूर दारू पिणाऱ्याच्या अंगात थायमिनचा खडखडाट असतो. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. रविवारी रात्री खरं कळलं असतं तर ही औषधं सोमवारीच सुरू झाली असती.

बरं, दाखल करताना कुणी विचारलं नव्हतं असं नाही. कॅज्युअल्टीच्या टेबलापलीकडून, स्ट्रेचरला सासरे आणि मेहुणा टेकून उभे असताना, ‘दारूबिरू घेता का?’ असा प्रश्न आला होता. उत्तर आलं होतं, ‘नाही हो. कधीमधी.’ कागदावर ‘कधीमधी’ला जागा नव्हती, म्हणून ‘नाही’ लिहिलं गेलं.

हे ‘कधीमधी’ मोजायचं कसं, यावर वैद्यकशास्त्राने गेली पन्नास-पंचावन्न वर्षं डोकं लावलं आहे.

चार प्रश्न

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात जॉन युइंग नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. 1960च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या रुग्णांच्या मुलाखती घेतल्या. हे रुग्ण व्यसनमुक्तीसाठी आलेले नव्हते. मेडिकल आणि सर्जिकल वॉर्डांतले साधे रुग्ण होते. व्यसनी कोण आणि नसलेला कोण, हे वेगळं काढायला कोणते प्रश्न कामाला येतात, हे युइंग शोधत होते. पुष्कळ प्रश्न गाळल्यावर चार उरले. दारू कमी करायला हवी, असं कधी वाटलं का? लोक पिण्यावरून बोलतात याचा राग येतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटतं का? सकाळी उठल्याउठल्या, अंगातली थरथर घालवायला घ्यावी लागते का? इंग्रजीतल्या आद्याक्षरांवरून या चौकडीला ‘केज’ हे नाव मिळालं. दोन प्रश्नांना ‘हो’ आलं की डॉक्टरने कान टवकारायचे. 1984 साली ‘जामा’ या नियतकालिकात ती छापून आली आणि जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना तोंडपाठ झाली.

‘केज’ची खुबी अशी की त्यात ‘किती पिता’ हा प्रश्नच नाही. किती हे विचारलं की माणूस कमी सांगतो; राग येतो का विचारलं की पटकन बोलून जातो. पण याच खुबीत तिची मर्यादाही आहे. बुडालेला माणूस तिला सापडतो, कंबरभर पाण्यात उभा असलेला निसटतो. आणि रुग्णालयात येणाऱ्यांत कंबरभर पाण्यातलेच जास्त असतात : ॲसिडिटीवाले, गोळ्या घेऊनही रक्तदाब खाली न येणारे, पायरी चुकून पडलेले, झोप लागत नाही म्हणून आलेले. यांपैकी कुणी स्वतःला दारुडा म्हणवून घेणार नाही आणि बहुतेक जण तसे नसतातही.

क्वार्टरचा हिशेब

अशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, केनिया, बल्गेरिया, मेक्सिको आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या दवाखान्यांत रुग्णांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यातून दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ ही चाचणी बेतली. पहिले तीन प्रश्न किती आणि कितीदा याचे, पुढचे तीन व्यसन जडल्याच्या खुणांचे आणि शेवटचे चार झालेल्या नुकसानाचे. एकूण गुण 40. आठच्या खाली असेल तर बहुधा काळजी नाही. आठपासून धोका सुरू होतो आणि वीस किंवा जास्त असतील तर व्यसन जडल्याची शंका घेऊन तज्ज्ञाकडे पाठवायचं.

दुसरा प्रश्न असा : ज्या दिवशी पिता, त्या दिवशी किती ‘ड्रिंक’ घेता? तिसरा : एका बैठकीत सहा किंवा अधिक ‘ड्रिंक’ कितीदा होतात? इथे ‘ड्रिंक’ म्हणजे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडे ग्रॅमात कुणी पीत नाही. ‘स्मॉल’, ‘लार्ज’, ‘नाइंटी’, ‘क्वार्टर’, ‘खंबा’ ही इथली मापं, आणि क्वार्टरची बाटली हातात घेऊन पाहिली तर हिशेब सोपा आहे. तिच्यात 180 मिलिलिटर दारू असते आणि लेबलावर बारीक अक्षरांत 42.8 टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे 77 मिलिलिटर अल्कोहोल. पाण्यापेक्षा ते हलकं, म्हणून वजन भरतं सुमारे 61 ग्रॅम. भारतातली एक क्वार्टर म्हणजे जवळजवळ मोजून सहा ‘ड्रिंक’. सहा देशांत बसून आखलेली धोक्याची रेघ आपल्या बाटलीच्या बुचापाशी येऊन थांबते. ‘मी हार्ड घेत नाही, फक्त बिअर’ म्हणणाऱ्याची 650 मिलिलिटरची, आठ टक्क्यांची एक ‘स्ट्राँग’ बाटली चार ‘ड्रिंक’ची भरते.

आता एक नेहमीचा माणूस घेऊ. दर शनिवारी मित्रांबरोबर एक क्वार्टर. आठवडाभर थेंब नाही. स्वतःच्या लेखी तो ‘कधीमधी’वाला. महिन्यातून चारदा, गुण दोन. एका वेळी सहा ‘ड्रिंक’, गुण दोन. सहाचा आकडा दर आठवड्याला, गुण तीन. तीनच प्रश्नांत सात झाले. वर्षातून एखाद-दोन वेळा दारू न उतरल्याने रविवारचं ठरलेलं काम राहून गेलं असेल तर आणखी एक. आठची रेघ गाठली. आणि ‘पिणं कमी करा’ असं घरच्यांपैकी कुणी गेल्या वर्षभरात म्हटलं आहे का, या शेवटच्या प्रश्नाला तो हसून म्हणतो, ‘बायको म्हणतेच की.’ त्याचे चार. एकूण बारा.

या बाराच्या आकड्यापासून गोव्यातली गोष्ट सुरू होते.

गोव्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र

गोव्यात दारू लपूनछपून पिण्याची गोष्ट नाही. काजूच्या हंगामात हुर्राक निघतो, मग फेणी. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. करही कमी, त्यामुळे बाटली शेजारच्या राज्यांपेक्षा स्वस्त. जिथे पिणं एवढं सहज आहे तिथे ‘जास्त’ कुठे सुरू होतं हे सांगणं आणखी अवघड. याच राज्यात 1996 साली स्थापन झालेल्या ‘संगथ’ या संस्थेने मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि अभिजित नाडकर्णी यांच्या पुढाकाराने एक प्रयोग केला.

प्रयोगाची जागा होती गोव्यातली दहा प्राथमिक आरोग्य केंद्रं. ताप, खोकला, मधुमेह, अंगदुखी, कशासाठीही आलेल्या 18 ते 65 वयाच्या पुरुषांना ‘ऑडिट’चे प्रश्न विचारले गेले. ज्यांचे गुण 12 ते 19च्या दरम्यान भरले, म्हणजे पिणं घातक झालंय पण माणूस अजून पूर्ण गुंतलेला नाही, अशांना सहभागी होण्याबद्दल विचारलं. ऑक्टोबर 2013 ते जुलै 2015 या काळात 377 जण आले. निम्म्यांना डॉक्टरांचे नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळाले. उरलेल्या निम्म्यांना त्याखेरीज जास्तीत जास्त चार भेटींचं समुपदेशन मिळालं.

समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. किमान दहावी शिकलेली, आसपासच राहणारी माणसं निवडून, प्रशिक्षण देऊन त्यांना तयार केलं होतं. भारतात मनोविकारतज्ज्ञ इतके थोडे आहेत की प्रत्येक ‘बारा गुणांच्या’ माणसासाठी एक शोधायचा म्हटलं तर शोध संपायचाच नाही. या समुपदेशकांनी दारू सोडण्याची शपथ घ्यायला लावली नाही. पहिल्या भेटीत रुग्णाचे गुण त्याच्यासमोर ठेवायचे आणि त्यावर त्याला बोलू द्यायचं. पुढे कामाच्या गोष्टी : लग्नात कुणी ग्लास पुढे केला तर नाही कसं म्हणायचं, पगाराच्या दिवशी कोणत्या रस्त्याने घरी जायचं, तलफ आली की ती ओसरेपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं कशी काढायची, आणि पुन्हा घसरलो तर काय.

तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्क्यांचे गुण आठच्या खाली आले होते. दुसऱ्या गटात 26 टक्क्यांचे. गेल्या चौदा दिवसांत एक थेंबही न घेतलेले 42 टक्के होते, दुसऱ्या गटात 18 टक्के. हे निष्कर्ष 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. वर्षभरानंतरही गुण आठच्या खाली असलेल्यांतला फरक टिकला होता, उलट वाढला होता : 54 विरुद्ध 32 टक्के. जे पीतच राहिले त्यांच्या रोजच्या मापात मात्र फारसा फरक पडला नव्हता. चार भेटींनी सगळे सुधारले असं नाही. पण ज्यांनी ग्लास खाली ठेवला त्यांपैकी बरेच जण एरवी व्यसनमुक्ती केंद्राची पायरी कधी चढलेच नसते. पुण्याचं ‘मुक्तांगण’ 1986पासून हजारोंना उभं करत आलं आहे, पण तिथे माणूस येतो तो बहुधा नोकरी, घर, तब्येत यांतलं काहीतरी हातचं गेल्यावर. प्राथमिक केंद्रात तो खोकल्याचं औषध न्यायला येतो.

त्याच काळात देशाचा आकडा काय होता, हेही पाहण्यासारखं आहे. दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेल्या, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी 5.7 कोटींना पिण्यामुळे मदतीची गरज आहे. दारूचं व्यसन जडलेल्या दर 38 जणांपैकी कुठलाही उपचार मिळाल्याचं सांगणारा एकच होता.

माणूस खोटं का बोलतो

रुग्ण खोटं बोलतो, अशी डॉक्टरांची कायमची तक्रार. पण त्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर तो चोख हिशेब करत असतो. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत विमा नियामकाने ठरवून दिलेलं एक कलम असतं : दारू किंवा अमली पदार्थांच्या व्यसनावरचे उपचार आणि त्या व्यसनाचे परिणाम विम्यातून वगळले आहेत. अपघातात हाड मोडलेला माणूस केस पेपरवर ‘रोज दारू’ लिहू देईल का? महाराष्ट्रात तर दारू पिण्याचा परवाना 1949च्या दारूबंदी कायद्याखाली ‘आरोग्य राखण्यासाठी’ दिला जातो. खिशात तसा परवाना नसलेल्याला दवाखान्याच्या कागदावर कबुली द्यायला सांगायचं आणि वर तो बिचकला म्हणून नावं ठेवायची!

विचारणाऱ्याच्या हेतूबद्दलची शंका किती खरी ठरू शकते, याचा पुरावा अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात आहे. चार्ल्स्टन शहरातल्या सरकारी वैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयाने 1989 साली पोलिसांशी संगनमत करून एक धोरण आखलं. प्रसूतीपूर्व तपासणीला येणाऱ्या काही गरोदर स्त्रियांच्या लघवीत कोकेन आहे का, हे त्यांच्या संमतीशिवाय तपासलं जाई आणि निकाल पोलिसांकडे जाई. तीस स्त्रियांना अटक झाली; त्यांतल्या एकोणतीस कृष्णवर्णीय होत्या. ‘फर्ग्युसन विरुद्ध चार्ल्स्टन शहर’ या खटल्यात 2001 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे धोरण घटनाबाह्य ठरवलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. ज्या बाईला डॉक्टरची सर्वांत जास्त गरज, तीच डॉक्टरला टाळायला शिकली.

भारतात 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या स्थितींनाही मानसिक आजारात धरलं आहे, आणि अशा रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्याला दिला आहे. अमली पदार्थविरोधी कायद्यातही स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारं 64-अ कलम आहे. ही कलमं आहेत हे रुग्णाला ठाऊक नसतं. सांगणाराही क्वचितच भेटतो.

मग रक्त तपासूनच का पाहू नये? दारू रक्तातून काही तासांत निघून जाते. यकृताच्या तपासण्यांतलं जीजीटी वाढलेलं दिसतं, लाल पेशींचा आकार फुगलेला दिसतो, पण तेव्हा बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं आणि दोन्ही गोष्टी इतर कारणांनीही होतात. गांजाचं उलट : नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अंश आठवडेच्या आठवडे सापडतात, त्यामुळे काल ओढला की गेल्या महिन्यात हे कळत नाही. 2020 साली अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने प्रौढांमध्ये अमली पदार्थांच्या वापराची चाचपणी करावी असं सांगितलं, तेव्हा चाचपणी म्हणजे प्रश्न विचारणं, रक्त-लघवी तपासणं नव्हे, असंही स्पष्ट केलं.

विचारून झाल्यावर पुढे काय, याचं उत्तरही सगळीकडे सारखं नाही. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत झालेल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चाचपणीचा निकाल सांगून हातात नुसतं माहितीपत्रक देणं आणि त्याच्या जोडीला समुपदेशनही करणं यांत फारसा फरक आढळला नाही. बोस्टनमध्ये 2014 साली अमली पदार्थ घेणाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात थोडक्यातल्या समुपदेशनाचा काहीच उपयोग दिसला नाही. उलट जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘असिस्ट’ या प्रश्नावलीची चार देशांत चाचणी झाली, तेव्हा ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि भारतात थोड्या वेळाच्या बोलण्याने फरक पडला, अमेरिकेत पडला नाही. ज्या समाजात या विषयावर डॉक्टरने आजवर एक शब्दही विचारलेला नाही, तिथे पहिलाच प्रश्न जास्त खोल जात असावा.

अंगणातला फॉर्म

भारतात हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा डॉक्टर विचारत नाहीत, आशाताई विचारतात. तिशीपुढच्या प्रत्येक माणसासाठी त्यांना एक फॉर्म भरायचा असतो. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांचा धोका कुणाला जास्त, हे त्यावरून ठरतं. वय, तंबाखू, कमरेचा घेर, व्यायाम, घरातले आजार, आणि मध्येच एक ओळ : तुम्ही रोज दारू पिता का? हो असेल तर एक गुण, नाही तर शून्य.

आपला शनिवारचा क्वार्टरवाला इथे छातीठोकपणे ‘नाही’ म्हणतो आणि ते अक्षरशः खरं असतं. ‘ऑडिट’मध्ये बारा, आशाताईंच्या फॉर्मवर शून्य. शिवाय फॉर्म भरला जातो तो अंगणात, बाजेवर सासू बसलेली, दारात शेजारीण उभी. गोव्यातल्या केंद्रात मुलाखतीला निदान एक कोपरा होता.

शब्दांचा प्रश्न तर प्रत्येक गावात नव्याने उभा राहतो. ‘पिता का?’ विचारलं की माणूस दुखावतो, ‘घेता का?’ विचारलं की निदान थांबतो. अनुभवी आशाताई थेट दारूवर येतच नाहीत. झोप कशी लागते, जेवण जातं का, इथून सुरुवात करतात. हे सगळ्यांनाच विचारतोय, तुम्हालाच म्हणून नाही, एवढं आधी सांगितलं की खांदे थोडे सैल पडतात. आणि गोव्याच्या त्या अभ्यासात फक्त पुरुष होते हेही खरं; बायकांना विचारायचं तर शब्द आणखी वेगळे लागतात. ‘असिस्ट’मध्ये दहा पदार्थांची यादी आहे आणि तिची पहिली ओळ तंबाखूची. महाराष्ट्रातल्या खेड्यात साठीच्या बाईला तो प्रश्न जसाच्या तसा विचारून पाहावा.

‘मावशी, तंबाखू खाता का?’

‘नाही गं बाई! आपल्या घरात चालत नाही ते.’

‘बरं. मिश्री लावता?’

‘मिश्री व्हय? ती सकाळ-संध्याकाळ लागतेच. दुपारी जेवल्यावर एकदा.’

आशाताई खोडरबर काढते आणि तंबाखूच्या ओळीतला शून्य पुसून दोन करते.